घडणी, घड्या आणि घनाकृती: कोडी सोडवणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कागदावर सहा चौरस एकमेकांना चिकटून काढलेले असतात. एकात चांदणी, एकात त्रिकोण, एकात बाण. प्रश्न असा, की हे दुमडून ठोकळा केला तर चांदणीच्या समोर काय येईल? अशी कोडी मी अनेक वर्षं लहानांकडून आणि मोठ्यांकडूनही सोडवून घेते आहे. जे प्रश्न पुन्हा पुन्हा कानावर येतात, त्यांची उत्तरं इथे दिली आहेत.

घडण म्हणजे नेमकं काय?

एखादी पोकळ घनाकृती काही कडांवर कापून, तुकडे न पाडता, जमिनीवर सपाट पसरली की जो आकार दिसतो ती तिची घडण. औषधाचा खोका उघडून पसरवून बघा. चिकटवायच्या पट्ट्या बाजूला काढल्या की उरते ती इष्टिकाचितीची घडण.

घनाच्या घडणी किती?

११. फिरवून किंवा उलटा करून जो आकार जुळतो तो एकच मोजायचा, या हिशेबाने. सहा चौरस कडेला कड लावून ३५ वेगवेगळ्या प्रकारे मांडता येतात. त्यातल्या फक्त ११ मांडण्या दुमडून घन होतो, उरलेल्या २४ फसतात. कुठे दोन चौरस एकमेकांवर चढतात, कुठे एक बाजू उघडी राहते.

या ११ पैकी सहांमध्ये चार चौरसांची सरळ पट्टी असते आणि तिच्या दोन बाजूंना एकेक चौरस असतो. तीन घडणींमध्ये दोन, तीन आणि एक अशा ओळी असतात. एक असते दोन-दोनच्या पायऱ्यांची, आणि एक तीन-तीनच्या दोन ओळींची.

मग त्या ११ पाठच करून टाकल्या तर?

करू नका. परीक्षेत दोन गुण मिळतीलही, पण ज्यासाठी हे सगळं करायचं ते हातातून निसटेल. घडणी पाठ असलेल्या मुलांपुढे षटकोनी चितीची घडण ठेवली की ती थांबतात, कारण तिथे पाठ केलेलं काही नसतं. त्यांनी आकार ओळखायला शिकलेलं असतं, दुमडायला नाही.

पाठ करण्याऐवजी ३५ मांडण्या चौकटीच्या वहीत स्वतः काढा. प्रत्येकीपुढे आधी ‘होईल’ किंवा ‘होणार नाही’ लिहा, मग कापून दुमडा. चुकलेल्या मांडण्या वेगळ्या पाकिटात ठेवा. ते पाकीट सांभाळा, तुमची नजर कुठे फसते ते त्यातच कळतं. बहुतेकांच्या पाकिटात चार चौरसांची पट्टी आणि दोन्ही जादा चौरस एकाच बाजूला, ही मांडणी सापडतेच. दुमडली की एका बाजूला दोन झाकणं एकावर एक येतात आणि तळ उघडा राहतो. एकदा हाताने हे अनुभवलं की पुन्हा चूक होत नाही.

न दुमडता समोरासमोरची पृष्ठं कशी ओळखायची?

दोन गोष्टी लक्षात ठेवल्या तर बहुतेक काम होतं.

पहिली: सरळ ओळीत मधला एक चौरस सोडून येणारे दोन चौरस घनावर समोरासमोर येतात. चारच्या पट्टीत पहिला आणि तिसरा, दुसरा आणि चौथा.

दुसरी जास्त उपयोगी आहे, आणि ती फार कमी जणांना माहीत असते. सरळ पट्टीच्या दोन विरुद्ध बाजूंना लटकलेले चौरस समोरासमोर येतात. पट्टी दोन चौरसांची असो, तीनची असो वा चारची, आणि ते पट्टीवर कुठेही लटकलेले असोत. कारण सोपं आहे. पट्टी गुंडाळली की तिची एक बाजू वर जाते, दुसरी खाली. त्या बाजूंना जोडलेले चौरस झाकण आणि तळ होतात.

पायऱ्यांच्या घडणीवर हे करून पाहू. खालच्या पायरीपासून वरपर्यंत चौरसांना १ ते ६ आकडे द्या. १ आणि २ शेजारी, २ च्या डोक्यावर ३, ३ च्या उजवीकडे ४, ४ च्या डोक्यावर ५, ५ च्या उजवीकडे ६. यात तीन चौरस एका ओळीत कुठेच नाहीत, म्हणून पहिला नियम लागू होत नाही. आता २ आणि ३ ही उभी पट्टी धरा. तिच्या डावीकडे १ लटकलाय, उजवीकडे ४. म्हणजे १ समोर ४. मग ३ आणि ४ ही आडवी पट्टी धरा, तिच्या खाली २ आणि वर ५. म्हणजे २ समोर ५. उरले ३ आणि ६. पायऱ्या चढत जायचं आणि तीन मोजायचे, की समोरचं पृष्ठ सापडतं. ही घडण सगळ्यात अवघड वाटते, पण तिच्याइतकी नेटकी घडण दुसरी नाही.

समोरासमोरची पृष्ठं बरोबर काढतो, तरी उत्तर चुकतं. का?

कारण समोर काय आहे एवढ्यावर ठोकळा ठरत नाही. नेहमीच्या फाशात समोरासमोरच्या आकड्यांची बेरीज ७ असते. एवढी अट पाळूनही दोन वेगळे फासे बनतात. १, २ आणि ३ ज्या कोपऱ्यात भेटतात तो कोपरा तुमच्याकडे करा. एका फाशात १-२-३ घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने जातात, दुसऱ्यात उलट. दोघं एकमेकांचं आरशातलं रूप आहेत, कितीही फिरवले तरी एकाचा दुसरा होत नाही. (बेरजेची अट काढून टाकली तर १ ते ६ आकडे घनावर ३० वेगवेगळ्या प्रकारे बसतात.)

म्हणून पर्याय तपासताना कोपरा धरा. चित्रात दिसणारी तीन पृष्ठं घडणीवर कुठल्या बिंदूपाशी भेटतात ते शोधा, आणि त्या बिंदूभोवती ती कोणत्या क्रमाने येतात ते पाहा. छापील बाजू बाहेर ठेवून दुमडलं तर हा क्रम बदलत नाही, छापील बाजू आत गेली तर उलटतो. ‘छपाई बाहेर की आत’ हे ठरवलेलंच नसतं, म्हणून कितीतरी जण हमखास चुकीचा पर्याय निवडतात.

माझ्या डोळ्यांसमोर चित्रच उभं राहत नाही. ही कोडी मला जमतील का?

जमतील. मनात चित्र अजिबात न दिसणारी माणसं खरोखर असतात, ती त्यांची उणीव नव्हे. वर सांगितलेले पट्टीचे आणि कोपऱ्याचे नियम चित्राशिवाय चालतात. शिवाय स्पर्श आहेच. जन्मापासून दृष्टी नसलेले लोक हाताने चाचपून आकार ओळखतात, मनातल्या मनात फिरवूनही बघतात. त्यांच्यासाठी घडणीच्या कडा सुईने मागून टोचून उठावदार केल्या आणि पृष्ठांवर वेगवेगळ्या पोताचे कागद चिकटवले की झालं. डोळे मिटून तीच घडण दुमडणं हा बाकीच्यांसाठीही उत्तम सराव आहे.

ही देणगी जन्मजात असते ना?

हा समज जितका पसरलाय तितकंच नुकसान करतो. २०१३ साली मानसशास्त्रज्ञ डेव्हिड उटल आणि सहकाऱ्यांनी आकार-अवकाशाच्या सरावावरचे २१७ अभ्यास एकत्र तपासले. सरावाने ही क्षमता वाढते, सुधारणा टिकते, आणि ज्या कोड्यांचा सराव केलेला नाही तिथेही ती दिसते, असं त्यांना आढळलं. अमेरिकेत शेरिल सोर्बी यांनी १९९० च्या दशकापासून अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी असा सराव अभ्यासक्रम म्हणून चालवला. मला हे आधी वाचून नाही, समोर बघून पटलं. पहिल्या दिवशी ‘मला भूमितीच येत नाही’ म्हणून वही मिटणारी माणसं महिन्याभराने स्वतः कोडी तयार करून आणतात.

दुमडताना मनात नेमकं काय घडतं?

१९७१ साली मानसशास्त्रज्ञ रॉजर शेपर्ड आणि जॅकलिन मेट्झलर यांनी लोकांना ठोकळ्यांच्या आकृत्यांच्या जोड्या दाखवल्या आणि विचारलं, ‘दोन्ही एकच आहेत का?’ आकृत्यांमधला फिरवण्याचा कोन जितका मोठा, तितका उत्तराला लागणारा वेळ जास्त, आणि तोही सरळ प्रमाणात. जणू हातात धरून फिरवावं तसंच मन फिरवत होतं.

पुढच्याच वर्षी शेपर्ड आणि फेंग यांनी आपलं हेच कोडं घेतलं. सहा चौरसांची मांडणी आणि दोन कडांवर बाण. दुमडल्यावर बाण एकमेकांना भेटतील का? इथे वेळ वाढत गेला तो प्रत्येक घडीबरोबर किती चौरस ओढत न्यावे लागतात त्यानुसार. एक चौरस वळवणं सोपं, पण त्याच्या शेपटीला आणखी दोन असतील तर तेही मनात उचलून धरावे लागतात.

यातूनच एक युक्ती मिळते. तळ कुठला धरायचा हे तुमच्या हातात आहे. ज्या चौरसाला सर्वाधिक शेजारी आहेत तो टेबलावर ठेवा आणि बाकीचे त्याच्याभोवती उभे करा. टोकाचा चौरस तळ धरला तर सगळी वरात मागून फिरवावी लागते.

कागद कोणता, आणि घडी नीट कशी घालायची?

साधा छपाईचा कागद लवकर पिचकतो. निमंत्रणपत्रिकेइतका जाड कागद चांगला. चौरसाची बाजू ४ ते ५ सेंमी ठेवा, त्याहून लहान ठोकळ्यात शेवटचं झाकण लावायला बोट शिरत नाही.

दुमडायच्या प्रत्येक रेघेवर मोजपट्टी ठेवून संपलेली रिफील दाबून ओढा. शाई उमटत नाही, फक्त खाच पडते. मग कागद त्या खाचेवर आपोआप वळतो आणि कड धारदार येते. हा टप्पा गाळला की घडी रेघेपासून केसभर सरकते, आणि पाचव्या घडीपर्यंत झाकण तिरकं बसू लागतं. मुलं म्हणतात ‘माझी घडण चुकली’, पण घडण बरोबर असते, खाच नसते.

चिकटवायची घाई करू नका. सरावासाठी तर चिकटवूच नका. एकाच घडणीची उघडझाप वीस वेळा करता आली पाहिजे. बंद करताना जे शिकता त्याहून जास्त ती हळूहळू उघडताना कळतं: कुठली कड कुणापासून सुटली, आणि आता ती दोन टोकं एकमेकांपासून किती लांब गेली.

चिकटवण्यासाठी पट्ट्या किती सोडायच्या?

घनाला ७. कुठलीही घडण घ्या, पट्ट्या ७ च लागतात. या साध्या वाटणाऱ्या प्रश्नाचं उत्तर मला या सगळ्या विषयात सर्वाधिक आवडतं.

घनाला १२ कडा असतात. सहा पृष्ठं एकत्र राहायला ५ सांधे पुरतात, सहावा सांधा ठेवला तर कागद सपाट पसरणारच नाही. म्हणजे ५ कडा जोडलेल्या राहतात आणि ७ कापल्या जातात. कापलेल्या प्रत्येक कडेला एक पट्टी. कापलेली कड घडणीच्या बाहेरच्या रेषेवर दोनदा दिसते, म्हणून अकराही घडणींचा परीघ चौरसाच्या बाजूच्या १४ पट असतो. मोजून बघा.

आता हेच कापलेल्या बाजूने पाहू. कात्री प्रत्येक शिरोबिंदूपर्यंत पोचलीच पाहिजे, एखादा सुटला तर तिथे टोक उभं राहील आणि कागद सपाट बसणार नाही. पण कात्रीने फिरून बंद फेरा घातला तर तुकडा गळून पडेल. म्हणजे कापलेल्या रेषा झाडासारख्या असतात: सगळ्या शिरोबिंदूंना जोडणाऱ्या, पण कुठेही फेरा न घालणाऱ्या. ८ शिरोबिंदू जोडायला ७ फांद्या लागतात. तिकडून ७ आणि इकडूनही ७!

यात घनापुरतं काहीच नाही. कापलेल्या कडा म्हणजे शिरोबिंदूंपेक्षा एक कमी. जोडलेल्या कडा म्हणजे पृष्ठांपेक्षा एक कमी. दोन्ही मिळून सगळ्या कडा. म्हणून शिरोबिंदू अधिक पृष्ठं वजा कडा, उत्तर २. हे गणितज्ञ ऑयलरचं प्रसिद्ध सूत्र, आणि ते कात्री-पुठ्ठ्यातून हाती लागलं. चतुष्फलकाला (४ पृष्ठांची आकृती) ३ पट्ट्या, अष्टफलकाला (८ पृष्ठं) ५, विंशतिफलकाला (२० पृष्ठं) ११, द्वादशफलकाला (१२ पृष्ठं) १९. आता कुठल्याही आकाराच्या पट्ट्या तुम्ही शिरोबिंदू मोजून सांगू शकता.

घनाव्यतिरिक्त इतर आकारांच्या घडणी किती?

नियमित चतुष्फलकाच्या फक्त २: एक मोठा त्रिकोण आणि एक चार त्रिकोणांची तिरपी पट्टी. अष्टफलकाच्या ११, घनाइतक्याच. हा योगायोग नाही, घनाच्या प्रत्येक पृष्ठाच्या मध्यावर टिंब देऊन ती टिंबं जोडली की अष्टफलक होतो, इतकं त्यांचं नातं जवळचं आहे. तसंच नातं द्वादशफलक आणि विंशतिफलक यांचं. त्या दोघांच्या घडणी प्रत्येकी ४३,३८०.

प्रत्येक घनाकृतीची घडण असतेच का?

आत खळगा असलेल्या काही आकृत्या अशा आहेत, की कडांवर कशाही कापल्या तरी त्यांचे भाग एकमेकांवर चढतातच. पण सगळीकडून फुगीर, कुठेही खळगा नसलेल्या सपाट पृष्ठांच्या आकृतीचं काय? जर्मन चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूरर याने १५२५ साली छापलेल्या भूमितीच्या ग्रंथात अशा कितीतरी आकृत्यांच्या घडणी काढून दाखवल्या. १९७५ मध्ये जेफ्री शेफर्ड या गणितज्ञाने तो प्रश्न नेमका मांडला: अशा प्रत्येक आकृतीला निदान एक तरी न चढणारी घडण असते का? याची सिद्धता अजून कुणाला देता आलेली नाही, आणि घडण नसलेली आकृतीही कुणाला सापडलेली नाही. शाळकरी मुलाला पाच मिनिटांत समजेल असा प्रश्न पाचशे वर्षांच्या कात्रीकामानंतरही मोकळा आहे, हे मी दर वेळी आवर्जून सांगते.

एका सपाट आकारातून एकच खोका होतो ना?

नेहमीच नाही. १×१×५ आणि १×२×३ या दोन खोक्यांचं पृष्ठफळ सारखंच, २२ चौरस. आणि २२ चौरसांचा असा एक सपाट आकार आहे जो एका प्रकारे दुमडला तर पहिला खोका होतो, दुसऱ्या प्रकारे दुमडला तर दुसरा. कापायची रेघ तीच, फक्त घड्यांच्या रेघा वेगळ्या.

मुंगीची कोडी यातच मोडतात का?

नक्कीच, आणि घडणीचा खरा उपयोग तिथे दिसतो. १० सेंमी बाजूच्या घनावर मुंगी एका कोपऱ्यातून अगदी विरुद्ध कोपऱ्यात जातेय. कडांवरून गेली तर ३० सेंमी. एक कर्ण आणि एक कड घेतली तर सुमारे २४.१. दोन पृष्ठं उलगडून सपाट करा आणि सरळ रेघ मारा: सुमारे २२.४. ती रेघ मधल्या कडेला बरोबर मध्यावर ओलांडते.

याचं मोठं भावंड इंग्रज कोडेकार हेन्री ड्युडनी याने १९०३ साली दिलं. खोली ३० फूट लांब, १२ फूट रुंद, १२ फूट उंच. एका टोकाच्या भिंतीवर मध्यरेषेवर, छतापासून १ फुटावर कोळी. समोरच्या भिंतीवर मध्यरेषेवर, जमिनीपासून १ फुटावर माशी. छतावरून सरळ जाणारा मार्ग ४२ फुटांचा. पण खोली वेगळ्या तऱ्हेने उलगडली, छत, मग बाजूची भिंत, मग जमीन अशी, तर कोळी ३२ फूट आडवा आणि २४ फूट उभा सरकतो, आणि तिरपी रेघ भरते बरोबर ४० फूट. सहापैकी पाच पृष्ठांवरून जाणारा रस्ता सगळ्यात जवळचा! पुठ्ठ्याचा खोका १५ सेंमी × ६ सेंमी × ६ सेंमी करून रेघ मारून बघा, सांगून पटत नाही.

कागद दुमडून भोक पाडायची कोडी याच जातीची का?

चुलत म्हणा. तिथे घनाकृती नसते, आरसा असतो. प्रत्येक घडीची रेघ म्हणजे आरसा, आणि उत्तर काढताना शेवटच्या घडीपासून मागे यायचं. तीन वेळा अर्ध्यात दुमडलेल्या कागदात मधेच भोक पाडलं तर उलगडल्यावर आठ दिसतात. पण दोनदा दुमडून चारही पदरांचा बंद कोपरा कापला तर भोक एकच, कागदाच्या मधोमध.

मोबाइलवरची ॲप चालतील का?

चालतील, पण नंतर. पडद्यावर घडण स्वतःच दुमडून दाखवली की ‘कळलं’ असं वाटतं, पण मनाने काही उचललेलं नसतं. आधी स्वतः अंदाज सांगा, मग बटण दाबा.

रोज किती वेळ द्यावा?

दहा-पंधरा मिनिटं पुरेत, पण अंदाज, मग दुमडणं, हा क्रम सोडू नका. मूल चिडलं तर कोडं उलटं द्या: तयार ठोकळा हातात द्या आणि म्हणा, ‘तुला हवं तसं काप, फक्त तुकडा पाडू नकोस.’ माझ्याकडे एक मुलगी महिनाभर एकाही घडणीला हात लावत नव्हती. असा ठोकळा दिल्यावर तिने कात्रीने तीन-तीनची घडण काढली, तीही कुणी न सांगता, आणि कितीतरी वेळ ती उघडत-मिटत बसली.

आत्ता सोडवायला एखादं कोडं?

त्या मुलीचीच तीन-तीनची घडण घ्या. वरच्या ओळीत डावीकडून १, २, ३. ३ च्या बरोबर खाली ४, आणि ४ च्या उजवीकडे ५, ६. १ वर डावीकडे जाणारा बाण काढा, ६ वर उजवीकडे जाणारा. छापील बाजू बाहेर ठेवून घन केला, तर प्रत्येक बाण कुठल्या आकड्याच्या पृष्ठाकडे बोट दाखवेल? आणि बंद ठोकळ्यावर ते दोन्ही बाण एकाच दिशेला असतील, एकमेकांच्या उलट, की काटकोनात? उत्तर आधी कागदावर लिहून ठेवा. मग कात्री घ्या.